हंड्याबाहेरचं पाणी

मागच्या उन्हाळ्यात माहेरी, वडीगोद्रीला गेले होते. जवळच्या वस्तीवर बायकांची बैठक होती. टँकरच्या खेपा वाढवून मिळाव्यात म्हणून निवेदन लिहायचं होतं. निवेदन झालं, सह्या-अंगठे झाले, चहा झाला. मग एकीनं सहज विचारलं, "ताई, तुमी तिकडं शहरात काय काम करता?" मी म्हटलं, "पोहण्याच्या तलावात बायकांचा व्यायामाचा वर्ग घेते. गाणी लावायची आणि पाण्यात उभं राहून नाचायचं." क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग जो हशा पिकला तो थांबेना. हसणं ओसरल्यावर कोपऱ्यातली एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "इथं प्यायला न्हाई माय, अन् तिथं नाचायला पुरतंय व्हय?"

मला उत्तर देता आलं नाही. परतीच्या एसटीत बसले तरी तो प्रश्न काही सुटेना. चळवळीतल्या मैत्रिणींनीही तो मला वेगळ्या शब्दांत विचारलेला आहे. "बायकांवर इतके अत्याचार होताहेत, आणि तू पाण्यातले नाच काय शिकवतेस?" त्यांना मी हसून टाळत आले. म्हातारीला टाळता येत नाही. कारण तिच्या डोक्यावर हंडा आहे, आणि तो तिथं आहे म्हणूनच तिला विचारण्याचा हक्क आहे. म्हणून हे लिहिते आहे.

आधी माझं आणि पाण्याचं नातं सांगते. वडीगोद्री हे अंबड तालुक्यातलं, धुळे-सोलापूर महामार्गावरचं गाव. अंबडची देवी मत्स्योदरी. तिची टेकडी माशाच्या आकाराची आहे असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. देवी माशाची, पण तिच्या लेकी पाण्याला भिणाऱ्या! मी मात्र भीत नव्हते. वडिलांनी मला आणि भावाला एकाच उन्हाळ्यात, पाठीला वाळका भोपळा बांधून, मळ्यातल्या विहिरीत सोडलं. आठ-दहा दिवसांत दोघंही भोपळ्याशिवाय तरंगायला लागलो. सूर मारण्यात मी भावापेक्षा सरस होते, हे तो आजही कबूल करतो.

बाराव्या वर्षी मी 'शहाणी' झाले आणि विहीर बंद झाली. कुणी रागावलं नाही, मारलं नाही. आई फक्त म्हणाली, "आता पुरं." भावाला कुणीच पुरं म्हटलं नाही. पाणी माझ्या आयुष्यातून गेलं असं नाही. उलट वाढलं! हापशाचं पाणी, ओढ्याचं पाणी, पुढं टँकरचं पाणी. डोक्यावर, कमरेवर, दोन्ही हातांत. धुण्याचं, भांड्यांचं, जनावरांचं, पाहुण्यांचं. फक्त अंगाभोवती असणारं पाणी तेवढं राहिलं नाही.

जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्याचा डावा कालवा आमच्या भागातून परभणीकडे गेला. कालवा आला तसा ऊस आला, आणि बायकांना धुणं धुवायला वाहतं पाणी मिळालं. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. शेजारची एक वहिनी धुणं आपटता आपटता पाय घसरून कालव्यात गेली. काठावर आम्ही सात-आठ जणी होतो. कुणालाही पोहता येत नव्हतं. मला येत होतं, पण बाराव्या वर्षापर्यंतचं. मी उडी मारली नाही. इतरांसारखीच ओरडत उभी राहिले. तोवर रस्त्यावरचे पुरुष धावत आले आणि उशीर झाला.

लोक म्हणाले, तिचं नशीब. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होते. आज म्हणत नाही. रोज जिला पाण्याच्या काठावर कामाला पाठवतात, तिला पाण्यात तरंगायला शिकवत नाहीत, यात नशीब कुठं आलं? हा तर बंदोबस्त झाला!

लग्नानंतर मी शहरात आले. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. पंचेचाळिशीत गुडघे बोलायला लागले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पाण्यात चाला." तेहेतीस वर्षांनी पाण्यात उतरले. पहिल्या दिवशी तलावाच्या कडेचा दांडा सोडला नाही. आठव्या दिवशी सोडला. वर्षभरानं पाण्यातल्या व्यायामाचं रीतसर शिक्षण घेतलं. आणि आता, टाळेबंदीचा काळ सोडला तर, दहा-बारा वर्षं मी बायकांचा वर्ग घेते आहे.

हा प्रकार नेमका काय असतो ते सांगायला हवं, कारण 'पाण्यात नाच' म्हटलं की सिनेमातलं गाणं डोळ्यांपुढं येतं. आमच्या वर्गाला पोहता यावं लागत नाही. छातीइतक्या पाण्यात, पाय फरशीवर टेकवून, पाऊण तास हालचाल करायची. कोलंबियातून निघालेला झुंबा नाच जगभर गेला आणि त्याचा पाण्यातला अवतारही निघाला. माझी सुरुवात त्यातूनच झाली. पण आमच्या बायकांचे पाय त्या परदेशी ठेक्यावर अडखळायचे. एक दिवस मी म्हटलं, पंचमीला जसा फेर धरता तसा धरा. आणि काय सांगू! बायका पाण्यात फेर धरून फिरायला लागल्या, आणि सगळं पाणी त्यांच्याबरोबर गोल फिरायला लागलं. मग मी ओरडले, "आता उलट्या फिरा!" ज्या पाण्याला आपणच फिरवलं, त्याच्याच विरुद्ध चालायचं. यापेक्षा चांगला व्यायाम मला अजून सापडलेला नाही. आता आमच्या वर्गात झिम्मा आहे, फुगडी आहे, पिंगा आहे, लेझमीच्या पावल्या आहेत. साठीची बाई जमिनीवर फुगडी घालू शकत नाही, पाण्यात घालू शकते.

का घालू शकते, तेही साधं आहे. पाणी आपला भार उचलतं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं तर पायांवर सुमारे निम्मं वजन येतं, छातीइतक्या पाण्यात साधारण एक तृतीयांश, आणि गळ्यापर्यंत गेलं तर दहावा हिस्सा. म्हणजे सत्तर किलोची बाई गळाभर पाण्यात सात किलोची होते. गुडघ्यांना धक्का बसत नाही. पण पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असल्यामुळे हात-पाय हलवायला जोर लागतो. जितक्या जोरात ढकलाल तितकं ते जास्त अडवतं. बाई आपल्या ताकदीप्रमाणं व्यायाम कमी-जास्त करू शकते, आणि पाण्यात कोण किती जोर लावते आहे हे शेजारणीला दिसतही नाही. आयुष्यभर सासरच्यांच्या नजरेखाली काम केलेल्या बाईला ही केवढी मोकळीक!

शिकवणारीला मात्र काठावर उभं राहावं लागतं, कारण पाण्यात उतरली तर तिचे पाय बायकांना दिसत नाहीत. आणि काठावर पाण्याच्या गतीनं, म्हणजे जमिनीवरच्या जवळजवळ निम्म्या वेगानं नाचावं लागतं. नवीन होते तेव्हा मी गाण्याच्या वेगानं उड्या मारायची. बायका मागं पडायच्या, धापा टाकायच्या आणि माझे गुडघे ओल्या फरशीवर दुखायचे. पुढं शिकले, की आपण शिकवतो आहोत त्यांच्या पायाखाली काय आहे हे आधी ओळखायचं, मग ठेका धरायचा. आपल्या शिबिरांमध्ये भाषणं देतानाही हे आठवावं असं मला फार वाटतं.

वर्गात येणाऱ्या बायकांची पहिली अडचण गुडघे नसते, कपडे असतात. सुती कपडा पाणी पितो, जड होतो, त्याचे धागे तलावाच्या गाळणीत अडकतात, म्हणून तो चालत नाही. आता कोपरापासून घोट्यापर्यंत झाकणारा नायलॉनचा पोशाख मिळतो. बहुतेक जणी तोच घालतात. दुसरी अडचण, पाळी. त्या दिवसांत उतरायचं की नाही हे जिचं तिनं ठरवावं, त्यात विटाळाचा काही संबंध नाही, हे मला दर महिन्याला सांगावं लागतं. ज्यांना फिट्स येतात, छातीचा त्रास आहे, उघडी जखम आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये, हेही सांगते. तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे वेळ. मी सुरुवात केली तेव्हा तलावावर 'महिलांसाठी राखीव' वेळ होती दुपारी दोन ते तीन. सकाळचा गारवा आणि संध्याकाळचा निवांतपणा पुरुषांचा. दुपारी दोनला, ऐन उन्हात, मुलं शाळेतून यायच्या वेळी बायकांनी यायचं. मग तीन-चार जणीच आल्या की व्यवस्थापन म्हणणार, "बघा, बायकांना आवडच नाही." सकाळची वेळ मिळवायला आम्हाला दोन वर्षं अर्ज करावे लागले. सकाळची वेळ मिळाली त्या महिन्यात चाळीस जणी आल्या.

आता म्हातारीच्या प्रश्नाकडे येते. तलावात पाणी किती असतं? पंचवीस मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलाव धरला, तर सुमारे ४ लाख ७० हजार लिटर. बारा हजार लिटरचे चाळीसेक टँकर. हा आकडा लहान नाही, आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही. ते पाणी रोज बदलत नाहीत, गाळून आणि क्लोरिन घालून पुन्हा तेच वापरतात, तरी वाफेनं आणि गाळणी धुताना काही जातंच. प्यायच्या पाण्याची ओरड असेल तेव्हा तलाव बंद झालेच पाहिजेत. जालना जिल्ह्यानं २०१२-१३ चा दुष्काळ काढला आहे. ते दिवस पाहिलेली कुठलीही बाई याला विरोध करणार नाही.

पण हिशोब मांडायचाच तर पुरा मांडू. पाटपाण्यावरच्या उसाला हेक्टरी सुमारे दोन कोटी लिटर किंवा त्याहून जास्त पाणी लागतं. म्हणजे एका गुंठ्याला दोन लाख लिटर. आमच्या त्या भरलेल्या तलावाचं पाणी म्हणजे अडीच गुंठ्यांहून कमी उसाचं पाणी! आमच्या भागात कालव्याकाठी किती गुंठे ऊस उभा असतो ते म्हातारीला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्या पाण्याचा हिशोब कुणी बायकांना विचारत नाही. पाणी कुणाला किती, हे ठरतं तिथं आपण नसतो. मग उरलेल्या घोटभर पाण्यावरून पिणारीनं नाचणारीला आणि नाचणारीनं पिणारीला दोष द्यायचा, हे कुणाच्या सोयीचं आहे?

आणि उसाचं म्हणाल, तर तो तोडणाऱ्या बायकांच्या शरीराचं काय झालं तेही आठवा. गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा. तिथं २०१९ साली सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. ज्या शरीराकडून फक्त काम घेतलं जातं, ते शरीर दुखलं की त्यातला भागच काढून टाकला जातो. अशा शरीराला चार फूट पाण्यात बिनवजनाचं उभं राहायला मिळणं, यात चैन कसली? माझ्या मते चैनीचा आरोप फक्त दमलेल्या बाईवरच होतो. विहिरीत दुपारभर डुंबणाऱ्या पुरुषाला कुणी कधी चैनी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

इथपर्यंत लिहून थांबले असते तर लेख सोपा झाला असता. पण माझ्याकडूनही एक गोष्ट घडली आहे, ती सांगायला हवी. आमच्या तलावावर कपडे बदलायच्या खोल्या पुसायला एक मावशी येते. आमची गाणी सुरू झाली की दारात उभी राहून ठेका धरायची. एक दिवस म्हणाली, "ताई, मी बी यिऊ का एक दिवस?" मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात बघू." का म्हटलं? फीचा प्रश्न होता, पोशाखाचा होता, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला ठाऊक होतं की काही जणींना चालणार नाही. तो 'पुढचा महिना' यायला आठ महिने लागले. मग मी माझा जुना पोशाख तिला दिला आणि ती उतरली. दोन बायकांनी दुसऱ्या दिवसापासून येणं बंद केलं. एकीनं निरोप पाठवला, "स्वच्छतेचा प्रश्न आहे." जातीचा शब्द कुणी काढला नाही. तलावाच्या व्यवस्थापनानंही मला बोलावून घेतलं, "सभासद कमी होतात, बघा."

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं. त्या तळ्यावर गुरं पाणी पीत होती, पण माणसांना बंदी होती. त्याला शंभर वर्षं होत आली. आज कुणी पाटी लावत नाही. फी लावतात, पोशाख लावतात, 'स्वच्छता' म्हणतात. आणि माझ्यासारखी, स्वतःला चळवळीतली म्हणवणारी बाई 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणते. मावशी आजही येते, आठवड्यातून दोनदा. फुगडीत तिचा हात धरायला सुरुवातीला मीच पाण्यात उतरत असे. आता उतरावं लागत नाही. पण त्या दोघी परत आलेल्या नाहीत, हेही खरं आहे.

आता वडीगोद्रीकडे परत. तिथं कुणी तलाव बांधणार नाही, आणि बांधावा अशी माझी मागणीही नाही. पण कालवा आहे, विहिरी आहेत. गेल्या दहा वर्षांत शेततळीही झाली. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि जिल्ह्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली तळी वाढली. त्या कागदावर पाय ठरत नाही. पडलेल्या माणसाला वर चढता येत नाही. घागर बुडवायला गेलेली आई आणि तिच्यामागं गेलेलं लेकरू, अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली. शाळकरी मुलांना पोहणं आणि पाण्यातली सावधगिरी शिकवा, अशी या संघटनेची शिफारस आहे. आणि त्याला फरशी लागतेच असं नाही. बांगलादेशात खेड्यातल्या साध्या तळ्यांत बांबूचा मचाण बांधून मुला-मुलींना पोहायला शिकवलं गेलं. झांझिबारमध्ये मुली अंगभर पोशाखात पोहायला शिकल्या, शिकवणाऱ्याही बायकाच झाल्या. तिथं जमतं ते अंबड तालुक्यात का जमू नये?

म्हणून माझं म्हणणं असं. एक, प्रत्येक सार्वजनिक तलावावर बायकांची वेळ सकाळ-संध्याकाळची असावी, आणि त्या वेळेला शिकवणारी आणि जीवरक्षकही बाई असावी. दोन, तिथं काम करणाऱ्या बायकांना त्याच पाण्यात, फी न घेता, प्रवेश असावा. तीन, कालव्याकाठच्या आणि शेततळ्यांच्या गावांत पाचवीपासूनच्या प्रत्येक मुलीला तरंगायला शिकवावं, आणि तिला 'पुरं' म्हणायचं वय आपण घरातून काढून टाकावं. चार, प्रत्येक शेततळ्याला कुंपण आणि काठाला बांधलेला गाठींचा दोर असावा. हे चौथं काम तर ग्रामसभेत आजच्या आज होऊ शकतं.

आणि मैत्रिणींनो, आपल्यासाठीही एक. पाण्याच्या प्रश्नावर आपण मोर्चे काढले, हंडे वाजवले, ते बरोबरच होतं. पण त्या सगळ्यात आपण बाईला पाणी भरणारी म्हणूनच पाहिलं. तिचं ओझं कमी करा, एवढंच मागितलं. ओझं उतरल्यावर ती रिकाम्या हातांनी त्याच पाण्यात उतरेल, हसेल, फेर धरेल, हे आपल्या मागण्यांत कधी आलं नाही. मला वाटतं ते यायला हवं. प्यायचं पाणी आधी, यात दुमत नाही. पण 'आधी' म्हणजे 'तेवढंच' नव्हे.

त्या म्हातारीला मी पुढच्या उन्हाळ्यात भेटणार आहे. टँकरच्या निवेदनाचं काय झालं ते आधी विचारीन. मग तिला विचारीन, लहानपणी ती विहिरीत पोहली होती का, आणि तिला 'पुरं' कोण म्हणालं. तुम्हीही आपापल्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. ज्यांना पोहता येतं त्यांना हात वर करायला सांगा. किती हात वर होतात ते मोजा, आणि कुणाचे झाले नाहीत ते या अंकाला लिहून कळवा.